सापाची पावडरवाली लस: रात्रपाळीत वापरून सांगते

आमच्याकडं साप चावला असं कुणी तोंडातून काढत नाही. ‘सिस्टर, पान लागलंय’ म्हणत चौघंजण माणूस उचलून आणतात आणि लगेच विचारतात, ‘लस हाय का?’ परभणी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी १९ वर्षं स्टाफ नर्स आहे. त्यातल्या कितीतरी रात्री अपघात विभागात गेल्या. सर्पदंशाची लस, म्हणजे आमच्या भाषेत एएसव्ही, मी इतक्यांदा फोडली आहे की अंधारातसुद्धा हाताला बाटली ओळखू येते. नव्यानं रुजू झालेल्या पोरी तिच्याबद्दल विचारतात, गावाकडच्या आशाताई विचारतात. म्हणून एकदा नीट लिहिते. कंपनीचं नाव घेत नाही. पुरवठ्यात कंपन्या बदलत राहतात आणि मी सांगते ते सगळ्याच पावडरवाल्या बाटल्यांना लागू आहे.

लहानशी काचेची बाटली, तळाला पांढरट पावडर, सोबत १० मिली पाण्याची ॲम्प्युल. घोड्यांना थोडं थोडं विष टोचतात, त्यांच्या रक्तात त्यावरची प्रतिद्रव्यं तयार होतात, ती वेगळी काढून ही लस बनते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर हीच एक लस चालते. ही तिची सगळ्यात मोठी जमेची बाजू. रात्री मोटार चालू करायला गेलेल्या माणसानं साप धड पाहिलेला नसतो. कधी मारून पिशवीत घालून आणतात आणि बघितलं तर धामण निघते. सापाचं नाव कळेपर्यंत थांबावं लागत नाही, लक्षणं बघून लस सुरू करता येते.

पाणी घातल्यावर बाटली खळखळून हलवायची नाही. फेस होतो आणि तो बसायची वाट बघण्यातच वेळ जातो. तळहातात धरून हळूहळू गोल फिरवायची. दहा बाटल्या एकटीनं विरघळवायच्या म्हणजे जीव टांगणीला लागतो, तेव्हा शिपाईमामांच्याही हातात दोन द्याव्या. पातळ लस तयारच मिळते, पण ती २ ते ८ अंशांत ठेवावी लागते आणि आमच्याकडं लाईट गेली की फ्रीजचा भरवसा नाही. पावडर टिकायला बरी. तरीही मे महिन्यात आमच्या स्टोअरच्या पत्र्याखाली हात ठेववत नाही, तेव्हा मी पावडरही फ्रीजमध्येच ठेवते.

आता दहाच बाटल्या का, हे नातेवाईक दरवेळी विचारतात. लहान लेकराला पण तेवढ्याच? हो, तेवढ्याच. साप माणसाचं वजन बघून विष सोडत नाही. विरघळवलेल्या लसीचा १ मिली नागाचं किंवा घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष मारतो, मण्यार आणि फुरशाचं ०.४५. म्हणजे एका बाटलीत घोणशीचं ६ मिलिग्रॅम. घोणस एका चाव्यात सरासरी ६३ मिलिग्रॅमच्या आसपास सोडते असं मोजलेलं आहे. म्हणून सुरुवात ८ ते १० बाटल्यांनी. ‘आधी दोन देऊन बघू’ असं कुणी म्हणालं तर हा हिशेब सांगावा.

दोन वर्षांमागं सोयाबीन काढणीच्या दिवसांत एक बाई आली. कापलेल्या सोयाबीनचा कवळा उचलताना परड हाताला लागली होती. घोणशीला आमच्याकडं परडच म्हणतात. चावली अकराच्या सुमाराला, आमच्याकडं पोचली चार वाजता. मधले पाच तास मारुतीच्या पारावर लिंबाचा पाला चावण्यात गेले. कडू लागला तर विष चढलं नाही, असं समजतात. हात कोपरापर्यंत टम्म, दंडाला सुतळी करकचून बांधलेली, हिरड्यातून रक्त. मी २ मिली रक्त काचेच्या नळीत काढलं, स्टँडला लावलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिले. २० मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग अलगद तिरपी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं, म्हणजे विष चढलेलं. सलाईनमधून दहा बाटल्या तासाभरात गेल्या. सुतळी लस सुरू झाल्यावरच हळूहळू सैल केली, एकदम सोडली असती तर अडकलेलं विष एकदम अंगात गेलं असतं. सहा तासांनी परत नळी लावली. रात्री साडेअकराला तिरपी केली तर गोळा जागचा हलला नाही. तो गोळा मी तिच्या सासूला दाखवला. ‘आता रगत धरलं,’ म्हातारी म्हणाली. एवढं सोपं आणि एवढं बरोबर मला कुणालाच समजावता आलं नव्हतं.

म्हणून लसीसोबत काचेची नळी लागतेच. ती नवी, कोरडी, स्वच्छ असली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीला माझ्याकडून एकदा साबणाच्या पाण्यानं धुतलेली नळी वापरली गेली. साबणाचा अंश राहिला की चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही, प्लास्टिकच्या नळीतही तसंच होतं. आम्ही दहा बाटल्या चढवल्या आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी ठणठणीत. कारण त्याला विष चढलंच नव्हतं. त्याच आठवड्यात साठा संपला आणि पुढच्या पेशंटला बाहेर पाठवावं लागलं. ती गोष्ट मी प्रत्येक नव्या सिस्टरला सांगते. ज्याला विष चढलेलं नाही त्याला ही लस द्यायची नसते. घोड्याचं प्रथिन आहे, रिॲक्शन येऊ शकते.

रिॲक्शन हा या औषधाचा खरा दोष आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. खाज सुटते, अंगावर गांधी उठतात, थंडी वाजून येते, कधी श्वास अडकून बीपी कोसळतं. कातडीखाली टेस्ट डोस द्यायची जुनी पद्धत सोडून द्या. त्यातून रिॲक्शन येणार की नाही ते कळत नाही, वेळ मात्र जातो. श्रीलंकेत हजारावर पेशंटवर केलेला एक अभ्यास २०११ मध्ये छापून आला. लसीआधी कातडीखाली अगदी थोडं ॲड्रिनालीन दिलं तर गंभीर रिॲक्शन कमी होतात आणि नुसत्या हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचा तसा उपयोग होत नाही, असं त्यात दिसलं. मी कामाला लागले तेव्हा आमचा सगळा भर हायड्रोकॉर्टिसोनवर होता. आता आमचे डॉक्टर ॲड्रिनालीन आधीच सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये ठेवायला लावतात. रिॲक्शन आली की लस थांबवायची, मोठ्या माणसाला मांडीत अर्धा मिली ॲड्रिनालीन, आणि सावरला की लस परत हळू सुरू. घाबरून लस कायमची बंद करायची नाही.

मण्यारीपुढं मात्र ही बाटली मला अपुरी वाटते. नऊ वर्षांचा एक पोरगा, शेतातल्या आखाड्यावर खाली गोधडीवर झोपलेला. पहाटे पोट दुखतंय म्हणून उठला, उलटी झाली. आणलं ते पोटदुखी म्हणूनच. अंगावर ना सूज, ना डाग. मण्यारीचा चावा कळतसुद्धा नाही. मी त्याला ‘वर बघ रे बाळा’ म्हणाले आणि त्याच्या पापण्या वर जाईनात. लस लगेच सुरू केली, लुळेपणा उतरवणारं निओस्टिग्मिनही दिलं. नागाच्या विषावर ते छान उतरतं, मण्यारीवर फारसं नाही, कारण मण्यारीचं विष नसेच्या टोकालाच इजा करतं आणि झालेली इजा लस उलटवू शकत नाही. तासाभरात त्याचा श्वास उथळ झाला. डॉक्टरांनी श्वासनलिकेत नळी टाकली, १०८ आली आणि नांदेडपर्यंत आम्ही आळीपाळीनं अंबू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायची रबरी पिशवी, दाबत गेलो. दोन सेकंद उशीर झाला तरी त्याच्या आईची नजर माझ्या हातावर यायची. चार दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. आता सातवीला आहे. त्याला जगवण्यात लसीचा वाटा होता, पण त्या रस्त्यावर त्याला धरून ठेवलं ते त्या रबरी पिशवीनं.

ही लस बनवायला लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं. १९७८ पासूनची ती संस्था, साप पकडून विष काढून परत सोडणारी, आणि तिचे उपकार देशावर आहेत. पण एकाच जातीच्या सापाचं विष मुलखामुलखात वेगळं असतं, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं आहे. मग आमच्या गोदाकाठच्या परडीला दहा बाटल्या पुरतात की पंधरा लागतात, हे आमच्याच वॉर्डात मोजायला हवं. लहान गावातून असं मोजता येतं. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाडला विंचूदंशावर तेच केलं. २०११ मध्ये त्यांचा अभ्यास बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला: ७० पेशंट, निम्म्यांना नुसती प्राझोसिनची गोळी, निम्म्यांना सोबत विंचवाची लस. १० तासांत पूर्ण बरे झाले ते लसवाल्यांत ३५ पैकी ३२, नुसत्या गोळीवाल्यांत ३५ पैकी ८. यात वाद घालायला जागा राहत नाही.

आमच्याकडं असं मोजणं का होत नाही, ते मी रोज बघते. चावल्याची वेळ तीन नातेवाईक तीन सांगतात. घाबरलेल्या बापाकडून रात्री दोन वाजता अभ्यासासाठी संमती कशी मागायची? पेशंट पुढं पाठवला की तिकडं काय झालं ते केसपेपरवर परत येत नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला ५८ हजारांच्या आसपास, त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरात, असा अंदाज निघाला तो घराघरांत जाऊन केलेल्या मृत्यूंच्या चौकशीवरून, दवाखान्यांच्या नोंदींवरून नव्हे. २०२४ मध्ये केंद्रानं २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचा आराखडा आणला. तो कागदावर राहू नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून मी माझी एक दोनशे पानी वही ठेवते: चावल्याची वेळ, पोचल्याची वेळ, नळीचा निकाल, किती बाटल्या, रिॲक्शन, आणि पंधरा दिवसांनी फोन करून माणूस कसा आहे. त्यासाठी वेगळा पगार नाही, पण तो फोन केल्याशिवाय मला करमत नाही.

लस साठ्याला घ्यावी का? तालुक्याच्या प्रत्येक ठिकाणी घ्यावी, पावडरचीच घ्यावी, आणि पेरणीच्या आधी घ्यावी. या वर्षीचं मागणीपत्र मी मे महिन्यातच लिहिलं. एएसव्ही १०० बाटल्या. त्याच्याखाली, त्याच अक्षरात: काचेच्या नळ्या, नव्या, ५०. ॲड्रिनालीन. निओस्टिग्मिन, ॲट्रोपिन. अंबू बॅग, मोठी एक, लहान मुलांची एक. भिंतीवरचं घड्याळ, सेकंद काट्यासहित, एक.