शाळेची जुनी रजिस्टरं स्कॅन करून स्मरणिका छापून घेतली, त्याचा रिव्ह्यू (५ पैकी ४)

गावाकडच्या शाळेची स्मरणिका काढायची आहे आणि ती नुसती शुभेच्छा संदेश, हार घातलेले फोटो आणि सिमेंटवाल्यांच्या जाहिराती अशी नको असेल तर पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या बोळातलं हे डीटीपी-बाइंडिंगचं दुकान बघाच. खाली वह्या-गाइडांचं दुकान, बाजूच्या अंधाऱ्या जिन्यानं वर जायचं, पाटी शोधू नका, दिसत नाही. गाडी लांब लावून चालत या, चौकात पार्किंग मिळेल या आशेवर निघालात तर अर्धा दिवस तिथंच जाईल.

आमची शाळा वेल्हे (आता राजगड) तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, शंभरी कधीच ओलांडलेली. आधी ज्यांना विचारलं ते म्हणाले घेऊन या सगळं, करून देऊ. इथले काका मात्र पहिल्याच वाक्यात म्हणाले, "अहो, जनरल रजिस्टर शाळेबाहेर काढायचं नसतं, गुरुजींना अडचणीत आणाल. आम्हीच येतो." (जनरल रजिस्टर म्हणजे मुलांच्या दाखल होण्या-सोडण्याच्या नोंदींची वही.) मुख्याध्यापकांची लेखी परवानगी मागितली आणि सुट्टीत खरंच आले, सोबत मुलगा, कॅमेरा लावायचा स्टँड, दोन लाइट आणि एक काच. फ्लॅट स्कॅनरवर रजिस्टर उलटं दाबलं की शिवण सुटते म्हणून पान उघडं ठेवून वरून फोटो काढायचा, पान फुगलं असेल तर वर काच ठेवायची. कडा भुगा झालेल्या होत्या, एकही पान जास्त फाटलं नाही. पहिले चार स्टार इथंच दिले.

पण खरं कौतुक पुढच्या कामाचं. आमच्या कमिटीनं आखणी दिलेली सरपंच, सदस्य, देणगीदार, मग कुठंतरी "शाळेचा इतिहास" दोन पानं. काकांनी स्कॅन बघून सांगितलं की तुमचा इतिहास शिक्क्यांमध्ये आहे, शिक्के लावा ओळीनं. आणि खरंच की हो! एकाच शाळेचे कागद पण मालक बदलत गेलेला. सगळ्यात जुने शिक्के लोकल फंडाच्या काळातले. मुंबई इलाख्यात १८६०च्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसवली, त्यातला तिसरा हिस्सा शाळांना आणि बाकीचा रस्त्यांबिस्त्यांना, म्हणजे आमच्या पणजोबांनी नाचणी-भात विकून भरलेल्या साऱ्यातून ही शाळा चालली. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं (इंग्रज सरकारचा शिक्षण आयोग) पुण्यातून जे निवेदन दिलं त्यात हीच तर तक्रार आहे, पैसा रयतेचा आणि खर्च वरच्या वर्गाच्या वरच्या शिक्षणावर, निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. हे शाळेत असताना कुणी सांगितलं नव्हतं, परिच्छेद काकांनी सुचवला आणि आम्ही टाकला.

मग लोकल बोर्ड. १९२३च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यानं शाळांचा कारभार सरकारी खात्याकडून लोकल बोर्डांकडं, म्हणजे तेव्हाच्या स्थानिक संस्थांकडं आला, १९४७च्या कायद्यानं डिस्ट्रिक्ट स्कूल बोर्ड झालं, आणि वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद. त्या साली नवीन स्टेशनरी आली नसावी कारण "स्कूल बोर्ड" खोडून हातानं "जि. प." लिहिलेली पानंच्या पानं आहेत. काकांनी ते खोडलेलं पान पूर्ण आकारात छापलं. आमच्या खजिनदारांचं म्हणणं पडलं की हे घाण दिसतंय, साफ करून घ्या. काकांनी चक्क नाही म्हणून सांगितलं. मधे काही वर्षं शाळेच्या नावात "जीवन शिक्षण मंदिर" पण आहे, ती गांधीजींच्या बेसिक (हातकामातून शिकायच्या) शिक्षणाची लाट, मोठ्या मुलांना टकळीवर सूत काढायला बसवायचे, आमच्या आत्याला अजून आठवतं आणि ती अजून वैतागते.

शेवटचा रकाना म्हणजे शाळा सोडल्याचं कारण, तो वाचताना मी दुकानात बराच वेळ नुसता बसून होतो. "गैरहजर सबब नाव कमी", "गुरे राखणे", मुलींच्या नावापुढं "लग्न", मग पानशेतच्या धरणाचं काम निघालं तशी "गाव उठले" अशी एकाखाली एक नावं. पुण्यात १२ जुलै १९६१ म्हटलं की हेच धरण फुटून आलेला पूर आणि लकडी पूल आठवतो, आमच्या वरच्या अंगाला त्याच्या आधीच घरं हलायला लागली होती, ते या रकान्यात दिसतं.

एक गोष्ट बऱ्याच जणांना आवडणार नाही पण मला फार पटली. जातीचा रकाना असलेलं पान काकांनी जसंच्या तसं छापायला नकार दिला, नावं आणि जात दोन्ही झाकून घेतलं. २०२३ मध्ये शिंदे समितीचं (मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी जुन्या नोंदी शोधणारी सरकारी समिती) काम सुरू झाल्यापासून अख्खं गाव ही रजिस्टरं चाळतंय, त्यामुळे काही जणांना वाटलं छापलं तर बरंच, पुरावा होईल. तसा तो होत नाही, दाखल्याला शाळेनं दिलेला सही-शिक्क्याचा उताराच लागतो, स्मरणिकेतला फोटो कोण विचारतो. दुसरीकडं मात्र कमिटीला झाकायचं होतं ते काकांनी झाकू दिलं नाही. शाळा आधी मारुतीच्या देवळात भरायची, त्यामुळे महारवाड्यातली पोरं बाहेर ओट्याखाली बसायची, हे जुन्या माणसांनी रेकॉर्डिंगमध्ये सांगितलेलं. मुंबई कायदेमंडळातला सी. के. बोल्यांचा ठराव १९२३ सालचा, सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा सगळ्यांना खुल्या, आणि आमच्याकडं पोरं आत आली ती शाळेला स्वतःची खोली झाल्यावर. यावरून मीटिंगमध्ये जोरात झालं. मी हट्टानं ठेवायला लावलं, काका म्हणाले ठेवणार असाल तर नीट मोठ्या टायपात ठेवा, कोपऱ्यात नको.

आता एक स्टार का कापला. मजकूर अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात, युनिकोड नाही. छापील पुस्तक देखणं, पण पीडीएफमध्ये नाव सर्च केलं तर काही सापडत नाही आणि कॉपी करून ग्रुपवर टाकलं तर इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो. २०२५च्या आसपास पुण्यात बसून हे चालत नाही. सुरुवातीलाच युनिकोडची अट घाला, जास्त पैसे घेतात पण करतात. प्रूफ स्वतः वाचा, आमच्याकडं दोन गुरुजींची आडनावं अदलाबदल झाली होती आणि त्यातले एक हयात आहेत, मग काय ते समजून घ्या. वेळेचं म्हणाल तर दिलेली तारीख विसरा, पुढचा कार्यक्रम ठरवूच नका. मोडीतली पानं वाचायला एक बाई येतात त्या उत्तम, पण त्यांचा वेगळा खर्च, तो आधी सांगत नाहीत. एकूण बिल साध्या झेरॉक्सवाल्याच्या कितीतरी वर जातं.

तरीही घाई करा असंच सांगेन. आरटीईत (शिक्षण हक्क कायद्यात) प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं आहे, तरी २०२३ मध्ये सरकारनं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे, म्हणजे छोट्या शाळा एका मोठ्या शाळेत एकत्र करायचे प्रस्ताव मागवले, त्यात नमुना म्हणून नाव होतं आमच्याच बाजूच्या पानशेतचं. मुलांना बस, मोठा वर्ग, जास्त शिक्षक मिळतात हे खरं, त्यावर मी इथं भांडत नाही. पण शाळा हलली की कपाटं कुठं जातात ते कुणी विचारत नाही, आमच्या शेजारच्या वाडीच्या शाळेची लॉगबुकं (तपासणीच्या शेऱ्यांच्या वह्या) आता कुणालाच सापडत नाहीत.

जायचं असेल तर संध्याकाळी जा, दुपारी बंद असतं, त्यावर विनोद करून झाला असेल तर फोन करून जा. स्कॅनच्या मूळ फाइली मागून घ्या, न मागता देत नाहीत, एक कॉपी शाळेत आणि एक गावाबाहेर कुणाकडं तरी ठेवा. प्रती थोड्या जास्तच छापा, आमच्या कार्यक्रमातच संपल्या आणि आता पुण्यातली गावकरी मंडळी मलाच फोन करतायत.