'टीव्ही पीसीएमवर ठेवा' म्हणाला, तिथेच कळायला हवं होतं

एकूण ₹४,०४७ गेले. एचडीएमआय ते आरसीए (लाल-पांढऱ्या गोल पिनांची) केबल ₹३९९, 'ओरिजिनल ५.१ डिकोडर' ₹२,४९९, ऑप्टिकल केबल ₹३४९ आणि जोडणीसाठी पाठवलेल्या माणसाचे ₹८००. यात ऑप्टिकल केबल तेवढी खरी निघाली.

काम साधं होतं. संगणकाचे ५.१ स्पीकर, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर असे सहा वेगळे आवाज (चॅनल), टीव्हीला जोडायचे. स्पीकरच्या तीन पिना: हिरवी पुढच्या दोघांची, काळी मागच्या दोघांची, नारिंगी सेंटर आणि सबवूफरची. टीव्हीला मात्र ऑप्टिकल (प्रकाशातून डिजिटल आवाज पाठवणारं), एआरसी लिहिलेलं एचडीएमआय आणि फार तर हेडफोनचं भोक. सहा चॅनल टीव्हीतून डॉल्बी डिजिटलमध्ये दाबून बाहेर पडतात. ती मोट सोडून सहा वेगळे आवाज करणारा डबा मध्ये लागतो. तोच डिकोडर.

₹३९९ च्या केबलबद्दल बोलायचीही लाज वाटते. एचडीएमआय डिजिटल, आरसीए अ‍ॅनालॉग; मध्ये चिप नसलेल्या तांब्याच्या तारेतून काय डोंबल आवाज येणार? त्यात टीव्हीची एचडीएमआय भोकं ही आत घेणारी. आवाज बाहेर सोडतं ते फक्त एआरसीचं, आणि तेही समोर एआरसी समजणारं यंत्र असेल तरच. असली केबल फुकट दिली तरी घेऊ नका.

आता डबा. मागे हिरवं, काळं, नारिंगी अशी तीन भोकं, पुढे 'डॉल्बी' लिहिलेला निळा दिवा. टीव्ही डॉल्बी डिजिटलवर ठेवून जोडला तर नुसती खरखर. जोडणीवाल्याने विक्रेत्याला फोन लावला. उत्तर आलं, "साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएम करा." केलं. सगळ्या स्पीकरमधून आवाज घुमला, सबवूफर दणाणला, ₹८०० दिले.

तिथेच! पीसीएम म्हणजे न दाबलेला डिजिटल आवाज. ऑप्टिकलमधून पीसीएम म्हणजे दोन चॅनल, तिसरा त्यात जातच नाही. ५.१ हवं तर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस अशा दाबलेल्या रूपातच पाठवावं लागतं. ज्या डब्याला चालण्यासाठी पीसीएम लागतं तो डिकोडर नाहीच, तो साधा स्टिरिओ डॅक, म्हणजे दोन चॅनलच्या डिजिटल आवाजाचा अ‍ॅनालॉग करणारा डबा. खऱ्या डिकोडरचा माणूस याच्या बरोबर उलट सांगेल: पीसीएम काढा, 'डॉल्बी डिजिटल', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास-थ्रू' लावा. हे मला माहीत होतं. राग विक्रेत्यापेक्षा त्याचाच जास्त येतो.

पण माझीही बाजू आहे. खरखर आली की पीसीएम करून बघा, हा उपाय दोन चॅनलच्या डॅकसाठी अगदी बरोबर असतो आणि शंभर ठिकाणी तोच सांगितलेला असतो. शिवाय मागचे स्पीकर वाजत होते. वाजत असताना शंका कोण घेतो?

चाचणीची फाइल लावल्यावर बिंग फुटलं. चॅनल चाचणीत 'फ्रंट लेफ्ट' म्हणणारा आवाज पुढच्या आणि मागच्या, दोन्ही डाव्या स्पीकरमधून एकदम येत होता, वर सेंटरमधूनही. चार स्क्रू काढले तर आत एक ऑप्टिकल रिसीव्हर, दोन चॅनलची एकच डॅक चिप आणि तिन्ही भोकं एकमेकांना समांतर जोडलेली. म्हणजे सेंटरला डावा आवाज, सबवूफरला उजवा. दणका बसत होता तो सबवूफरच्या स्वतःच्या फिल्टरमुळे. निळा दिवा थेट ५ व्होल्टवर. ऑप्टिकल केबल काढली तरी तेवत राहतो.

डबा न उघडताही हे ओळखता येतं. वीज बंद करा, हिरव्या आणि काळ्या भोकात ३.५ मिमी (हेडफोनसारख्या पिनेची) ते आरसीए केबल खोचा, मल्टिमीटर बझरवर ठेवून दोन्ही पांढऱ्या पिनांची टोकं तपासा. पीं वाजलं की परत करा, त्याच दिवशी.

त्याच दिवशी म्हणतो, कारण परतीची मुदत ७ दिवस होती. चौथ्या दिवशी तक्रार केली तर विक्रेता म्हणे, "फर्मवेअर अपडेट येतंय, दहा दिवस थांबा." डब्याला डेटाचं भोकच नाही, नुसता वीज घेणारा सॉकेट! अपडेट काय हवेतून ओतणार होता? आठव्या दिवसापासून फोन बंद.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. विक्री संकेतस्थळाचा तक्रार कक्ष म्हणाला, मुदत संपली. चौकीत विचारलं, "मागून आवाज येतोय ना? मग फसवणूक कसली?" सरकारी तक्रार कक्षाने माझी तक्रार विक्रेत्याकडे पाठवली, त्याने 'उत्पादन चालू स्थितीत' असं एका ओळीत लिहिलं आणि यांनी लगेच शेरा मारला: निकाली. मीटरचे फोटो, आतल्या जोडणीचे फोटो, फाइलचा व्हिडिओ, सगळं जोडलं होतं. एकाने तरी उघडून बघितलं असतं! दाद मागायची तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, मुदत दोन वर्षं, ₹५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. यातलं अक्षरही मला कोणत्या कक्षाने सांगितलं नाही.

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला डिकोडर घ्याल तर तिथेच चालू करून मागा. डॉल्बीची चाचणी फाइल पेनड्राइव्हवर न्या. डीटीएसची नको, ते सगळेच टीव्ही पुढे सोडत नाहीत. पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता नसेल तर पैसे काढू नका. सहा आरसीए असलेला डबा असेल तर ३.५ ते दोन आरसीएच्या तीन केबल लागतील. संवाद सबवूफरमधून येऊ लागले तर घाबरू नका, नारिंगीच्या दोन आरसीए अदलाबदल करा. आणि स्टिरिओवर भागणार असेल तर हेडफोनच्या भोकातून हिरव्या पिनेला एक केबल, बस.

कालच तो डबा पुन्हा विक्रीला दिसला. दुकानाचं नाव नवं, फोटो तोच. आता त्यावर ७.१ लिहिलंय. भोकं तीनच.