४१२ शोधनिबंधांचा डॉक्टर

बाबाला रक्ताचा कर्करोग निघाला तेव्हा आमचं सोयाबीन काढणं सुरू होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. पेशीतल्या ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलतात, त्यातून एक प्रथिन तयार होऊन पांढऱ्या पेशी वाढवत सुटतं, आणि इमॅटिनिब नावाची गोळी नेमकं तेच प्रथिन रोखते. रोज ४०० मिलिग्रॅम, जेवणासोबत, एकही दिवस चुकवायची नाही. मे महिन्यात बाबा पुन्हा वखर हाकत होता, यावरून काय ते समजा.

मग मी माती खाल्ली. मी, म्हणजे जिल्हा परिषदेचा शिक्षक, घरातला एकटा शिकलेला.

तालुक्याच्या बसस्टँडवर फ्लेक्स लागला होता : आंतरराष्ट्रीय कीर्तीचे रक्त-कर्करोग संशोधक, ४१२ शोधनिबंध, ९,००० च्या वर सायटेशन्स (म्हणजे इतर संशोधकांनी त्या निबंधांचे दिलेले संदर्भ), दर दुसऱ्या रविवारी मंगल कार्यालयात तपासणी. माय म्हणाली, "येवढा मोठा डाक्टर आपल्या इथं कायले येते रे?" मी तिलाच गप्प केलं.

त्या माणसानं काही बडबड केली नाही. लॅपटॉप माझ्याकडे फिरवला, पबमेड ही वैद्यकीय निबंधांची यादी असलेली साइट उघडली, आपलं आडनाव आणि नावाचं पहिलं अक्षर टाकलं. ४१२ निकाल. "सर, हे अमेरिकन सरकारचं रजिस्टर आहे, माझ्या घरचं नाही." मला 'सर' म्हणाला, तिथंच मी अर्धा गेलो. पबमेड खरंच तिथल्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं आहे. साइट खरी, आकडाही खरा. ते निबंध त्याचे होते, एवढंच खोटं.

गोळी आयुष्यभर घ्यायला लावणं हा कंपन्यांचा धंदा आहे, माझ्या संशोधनातला अर्क तीन महिने घ्या, गोळी बंद करा, असं तो म्हणाला. ३८ हजार रुपये. बियाण्याला ठेवलेले पैसे होते. बियाणं मग कृषी केंद्रातून उधारीवर आणलं.

पोळ्याला बाबा बैल घेऊन तोरणाखाली जाऊ शकला नाही. ताप, घाम, डाव्या बरगडीखाली पोट टणक. तपासलं तर पांढऱ्या पेशी १ लाख ४० हजारांवर. नागपूरचे डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. एवढंच म्हणाले की १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं या औषधावरचा पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून तुमच्यासारख्याला ही गोळी परवडते. कंपन्यांचा धंदा म्हणून ती सोडू नका.

आकड्याची गाठ भाचीनं सोडवली, फार्मसीला आहे ती. "मामाजी, या यादीत लेखकाचं आडनाव आणि आद्याक्षरच दिसते. तुमचं आडनाव टाकून पाहा." टाकलं. मीही शेकडो निबंधांचा धनी निघालो! मग त्या माणसाची यादी खाली खाली पाहत गेलो : गाईच्या कासदाहावर एक, दातांच्या रोपणावर दोन, एक तर १९७९ सालचा. तेव्हा हा फार तर बालवाडीत असेल. ल्युकेमियावरचे होते, नाही असं नाही, पण निबंध उघडून लेखकाच्या नावाखालची संस्था वाचली की माणूस वेगळा, देशही वेगळा. त्या दिवशी मंगल कार्यालयात एका निबंधावर क्लिक करायला मला कोणी अडवलं नव्हतं.

सायटेशन्सचंही तसंच. गूगल स्कॉलर या निबंध शोधायच्या साइटवर ज्याचं त्यानंच खातं उघडायचं असतं, आणि समोर आलेले निबंध 'माझे' म्हणून जोडायचे असतात. दुसऱ्याचे जोडले की त्यांची सायटेशन्सही आपल्या नावावर चढतात. संस्थेचा ईमेल पडताळला असेल तर नावाखाली तसं लिहून येतं. याच्या नावाखाली तसं काही नव्हतं. कोणी असा आकडा दाखवला तर त्याचा ऑर्किड (ORCID) क्रमांक मागा, १६ अंकी असतो, एकेका संशोधकाचा वेगळा. आणि निबंध खरे निघाले तरी औषध लिहून देण्याचा हक्क त्यातून येत नाही. त्यासाठी वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक लागतो. याच्या कागदावर चार रंगांत हिमोग्लोबिनचं चित्र छापलं होतं, तो क्रमांक सोडून सगळं होतं.

पोलीस ठाण्यात गेलो तर पावती मागितली. पावती नव्हती. कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, हे मला तिथून परतल्यावर कळलं. फ्लेक्सचा फोटो तरी काढून ठेवायला हवा होता. तुम्हाला दिसला तर तारखेसह काढा.

बाबाची गोळी पुन्हा सुरू आहे, पेशी आटोक्यात आल्या आहेत, पण यंदा वखर गड्याच्या हातात आहे.

परवा दुसऱ्या तालुक्यात त्याच माणसाचा फ्लेक्स दिसला. आता ४६३ शोधनिबंध. त्या आडनावाच्या लोकांनी मधल्या काळात जगभर जे काही लिहिलं, ते यानं भरून घेतलं. या वेळी मी फोटो काढला.