इंजिन बांधल्याचं बिल, आत जुनेच पिस्टन

जुनी व्हॅन निळा धूर मारायला लागली की हमखास ऐकू येतं, "इंजिनचं काम निघालंय." मलाही हेच सांगितलं गेलं. पूर्ण इंजिनकामाचे पैसे माझ्याकडून घेतले गेले आणि ते काम झालंच नव्हतं. अशीच गाडी घेऊन जे दुरुस्ती, इंजिन बांधणं (पूर्ण उघडून झिजलेले भाग बदलणं) की दुसरं इंजिन या पेचात आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

गाडी पेट्रोलवरची, चार सिलिंडरची. सकाळी सुरू केली की निळसर धूर यायचा आणि थोड्या वेळात थांबायचा. उतारावर अॅक्सिलरेटर सोडून आल्यावर पुन्हा दाबला की परत एक लोट. डिपस्टिकवर ऑइल हळूहळू उतरत होतं, पिकअप मात्र चांगला होता. गॅरेजवाल्याने सायलेन्सरच्या तोंडातून बोट फिरवून काजळी पाहिली, ऑइलचं झाकण काढून इंजिन रेस केलं आणि निकाल दिला: पिस्टनच्या रिंगा गेल्या, बोअर (सिलिंडरची आतली भिंत) घासलाय, पूर्ण बांधावं लागेल. कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावून बघू या का, असं मी विचारलं. "साहेब, आम्हाला आवाजावरून कळतं," असं उत्तर आलं.

बिलात सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं: ब्लॉक ०.५० ओव्हरसाइज बोअर (म्हणजे सिलिंडर अर्ध्या मिलिमीटरने मोठे), नवे पिस्टन आणि रिंगा, क्रँक ०.२५ ग्राइंड (क्रँकशाफ्ट तेवढा घासून बारीक), नवीन बेअरिंग, हेडला फेस (पृष्ठभाग घासून सपाट), वॉल्व्ह सील (वॉल्व्हच्या दांड्यावर ऑइल अडवणाऱ्या रबरी टोप्या), गॅस्केट सेट. ब्लॉकला चंदेरी रंग मारलेला, धूर गायब. जुने पार्ट मागितले तर ते भंगारात गेल्याचं सांगितलं. काही महिन्यांनी धूर परत आला, तोही अगदी पूर्वीसारखाच, सकाळी सुरू करताना. तक्रार केली तेव्हा सूर बदलला होता: तुमचा ब्लॉकच खराब आहे, त्यापेक्षा कमी चाललेलं दुसरं इंजिन बसवा, माझ्याकडे आहे. मी ते पाहिलं. जिथे इंजिन नंबर कोरलेला असतो तिथे ग्राइंडर फिरवल्याच्या ताज्या चकचकीत रेघा होत्या. गाडी तिथून तशीच बाहेर काढली.

दुसऱ्या मेकॅनिकने आधी गेज लावला. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आणि कंपनीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेत आले. मग माझ्यासमोर हेड आणि सम्प (खालचं ऑइलचं भांडं) उतरवलं. पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन रॉकेलच्या फडक्याने पुसला आणि खाली कोरलेली अक्षरं दिसली: एसटीडी. म्हणजे मूळ मापाचे पिस्टन. ०.५० चे असते तर तो आकडा तिथेच असता. बोअर गेजनेही माप मूळच निघालं, त्यामुळे बिलातले पिस्टन या ब्लॉकमध्ये शिरलेच नसते. सिलिंडरच्या वरच्या काठाशी, जिथे रिंगेची धाव संपते, तिथे जुन्या घासलेपणाची कड नखाला लागत होती. बोअर मारला असता तर ती पहिल्याच फेरीत गेली असती. बेअरिंगच्या पाठीवरही एसटीडी. क्रँक खरंच ०.२५ ग्राइंड केला असता तर या मूळ मापाच्या बेअरिंगमध्ये जागा मोकळी राहून ऑइल प्रेशर टिकलंच नसतं.

नवीन होतं ते फक्त हेड गॅस्केट, टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि रंग. वॉल्व्ह सील जुनेच होते, कडक झालेले, बोटात दाबल्यावर तुटले. सकाळी निळा धूर आणि नंतर बंद, हे लक्षण त्यांचंच: रात्रभर ऑइल वॉल्व्हच्या दांड्यावरून खाली झिरपतं आणि सुरू करताना जळतं. सुरुवातीला धूर दबला कारण शिफारशीपेक्षा जाड ऑइल भरलं होतं. या गाडीला इंजिन बांधायची गरजच नव्हती, आणि याचा मला अजूनही संताप येतो.

निकाल देण्याआधी मोजमाप मागा, आणि ते समोर उभं राहून घ्या. कॉम्प्रेशन कमी आलं तर त्या सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाकून पुन्हा बघतात. आकडा वाढला तर रिंगा किंवा बोअर, नाही वाढला तर बहुधा वॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर एकदमच कमी असतील तर हेड गॅस्केटवर संशय. इंजिन गरम झाल्यावर ऑइल प्रेशर पडत असेल आणि खालून जड ठोका येत असेल तर बेअरिंगचं काम, तेव्हा बांधण्यात अर्थ आहे. ब्लॉकला तडा गेलेला असेल किंवा क्रँक ग्राइंडिंगच्या मर्यादेपलीकडे गेला असेल तरच दुसऱ्या इंजिनाचा विचार करा. त्याआधी चॅसी खालून नीट बघा. गंजून पोखरलेल्या गाडीत चांगलं इंजिन घालणं म्हणजे पैसे बुडवणं.

"कमी चाललेलं इंजिन" या शब्दांवर अजिबात जाऊ नका. किलोमीटरचा मीटर गाडीच्या डॅशबोर्डवर असतो आणि इंजिन विकायला आलं तेव्हा ती गाडी समोर नसते. चालू करून ऐकवा म्हणा, गेज लावा, नंबर शाबूत आहे आणि त्याच्या कागदांशी जुळतो हे पाहा.

बांधायला दिलंत तर काम सुरू होण्याआधी लिहून घ्या की जुने पार्ट परत मिळतील. मशीन शॉपचं बिल वेगळं मागा. बोअर आणि क्रँकचं काम बहुतेक गॅरेजात होत नाही, बाहेर पाठवतात, त्यामुळे तो कागद असायलाच हवा. नवे पिस्टन ब्लॉकमध्ये घालण्याआधी त्यांच्या डोक्यावरचा आकडा स्वतः बघा, फोटो काढा.

माझ्याकडे बिल आणि त्याशेजारी ठेवलेल्या पिस्टनचे फोटो आहेत, लेखी तक्रार दिली आहे, पैसे अजून परत आलेले नाहीत. नवीन सील घातल्यापासून धूर नाही. ज्यांनी नुकतंच इंजिन बांधून घेतलंय त्यांनी वॉरंटी संपायच्या आत प्लगच्या भोकातून एंडोस्कोप कॅमेरा घालून पिस्टन बघून घ्यावा. नव्या कामात अजून कार्बन साचलेला नसतो, आकडा बहुतेक वेळा सरळ वाचता येतो.