फणस-सागवानावर हाताचा स्क्रेपर: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या खानापूर भागात जुनी घरं उतरवली की सागवान आणि फणसाच्या फळ्या हमखास निघतात. सागवानाचं एक वेळ ठीक, पण फणसाच्या फळीत रेषा (लाकडाच्या तंतूंची दिशा) कुठे उलटेल याचा नेम नसतो. रंधा हातभर सुरेख चालतो आणि पुढे एकदम रेषा उपटून खड्डे पडतात. मग सगळा भार पॉलिश पेपरवर, खरखरीत नंबरापासून बारीक नंबरापर्यंत: ८०, १२०, १८०, २२०. उन्हाळ्यापासून माझे यातले पहिले दोन नंबर जवळजवळ बंद झालेत. ते काम आता स्क्रेपर करतो.

वस्तू अगदी साधी. पोलादाचा चौकोनी पत्रा, जाडी मिलिमीटरपेक्षा थोडी कमी. माझा जुन्या हातकरवतीच्या पात्यातून कापून घेतलेला आहे आणि तो उत्तम चालतो. जुने मेस्त्री फुटक्या काचेने दरवाजे खरवडायचे, त्याच जातीचं हे काम. काचेची धार गेली की तुकडा टाकून द्यायचा, पत्र्याला मात्र पुन्हा धार लावता येते.

खरी मेहनत त्या धारेचीच. पत्रा व्हाइसमध्ये उभा धरून कड बारीक कानशीने सरळ, काटकोनात घासायची. मग ऑइल स्टोनवर कड आणि दोन्ही बाजू गुळगुळीत करायच्या. त्यानंतर कडक पोलादाची गोल सळई (मी चांगल्या स्क्रू ड्रायव्हरची दांडी वापरतो) तेलाचा थेंब लावून आधी बाजूवर सपाट आणि मग कडेवर किंचित तिरकी दाबून ओढायची. कडेचं पोलाद बाहेर वळून हुकासारखा अगदी बारीक आकडा तयार होतो. डोळ्याला दिसत नाही, पण अंगठा बाजूवरून कडेकडे नेला की तो अडतो. दोन्ही अंगठ्यांनी पत्रा मध्ये जरासा वाकवून पुढे ढकलला की पातळ छिलके निघायला हवेत. भुसा पडायला लागला की आकडा गेला, थांबून पुन्हा वळवायचा.

फायदा पॉलिशमध्ये दिसतो. मशीनने घासलेल्या सागवानावर लाखेचं पॉलिश चढलं की गोल ओरखडे उजेडात उठून दिसतात. स्क्रेपरने ते पडतच नाहीत, रेषा मोकळी दिसते. सांध्यावर वाळलेला फेव्हिकॉलही यानेच साफ निघतो. पेपरने तो नुसता चोळला जातो.

स्क्रेपरने छिलके निघतात, पेपरसारखी धूळ उडत नाही, हे तर मला फार महत्त्वाचं वाटतं. लाकडाची धूळ आयएआरसी या जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने १९९५च्या अहवालात थेट कर्करोगकारक म्हणून नोंदवली आहे. आपल्याकडे पावसाळ्यात दारं लावून, तोंडाला रुमाल बांधून मेस्त्री दिवसभर पेपर घासतात. हे बदलायला हवं, असं मनापासून वाटतं.

मर्यादाही आहेत. पत्रा तापतो, अंगठे भाजतात. मी चिकटपट्टी गुंडाळतो. पॅकिंगच्या पाइनसारख्या मऊ लाकडावर हा नीट चालत नाही, रेषा चुरगळते. प्लायवरच्या व्हिनियरला तर लावूच नका, थर फार पातळ असतो. एकाच जागी जास्त खरवडलं तर खोलगा पडतो आणि तो चकचकीत पॉलिशखाली लगेच कळतो.

पेपर सुटलेला नाही. शेवटचा हलका हात २२०चा, रेषेच्या दिशेने, आणि पॉलिशच्या दोन हातांमध्ये ३२०. स्क्रेपर घ्यायचाच असेल तर पत्र्यापेक्षा चांगल्या कानशीवर दोन पैसे जास्त खर्च करा.