आरएक्स १०० च्या क्लचचे काम : नाशिकच्या द्वारका परिसरातील एका गॅरेजचे परीक्षण

यामाहा आरएक्स १०० चे उत्पादन भारतात १९८५ ते १९९६ या काळात झाले. त्यामुळे आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक गाड्यांचा क्लच केव्हा ना केव्हा उघडलेला असतो आणि तो कोणी, कसा बसवला हे सध्याच्या मालकाला सहसा ठाऊक नसते. माझ्या गाडीच्या क्लचचे काम मी नुकतेच द्वारका ते सारडा सर्कल या पट्ट्यातील एका छोट्या गॅरेजमध्ये करून घेतले. काम चोख झाले. वेळ आणि हिशेब यांबाबत मात्र तक्रारीला जागा आहे.

गाडीला एकाच वेळी दोन उलट दुखणी होती. वणीच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पिळला की इंजिनचा आवाज चढे, वेग मात्र तेवढाच राही. आणि मुंबई नाक्याच्या सिग्नलला क्लच पूर्ण दाबूनही न्यूट्रल सापडत नसे. याआधी दाखवलेल्या एका ठिकाणी गिअरबॉक्स गेल्याचे सांगून इंजिन खोलण्याचा सल्ला मिळाला होता. या गाडीत गिअर क्रँककेसच्या (इंजिनच्या मुख्य कवचाच्या) आत असल्याने त्यांना हात लावायचा तर इंजिन उतरवून दोन भागांत उघडावे लागते. क्लच मात्र उजव्या कव्हरखाली असतो आणि इंजिन जागेवर ठेवूनच त्याचे काम होते. येथील मिस्त्रींनी गाडी एक चक्कर चालवून पाहिली आणि ‘आधी साइड कव्हर काढू, गिअरचं नंतर बघू’ एवढेच सांगितले.

कव्हर निघाल्यावर दोन्ही दुखण्यांचे कारण समोर आले. प्लेटी झिजल्या होत्या आणि स्प्रिंगा नव्या स्प्रिंगांशेजारी उभ्या केल्यावर आखूड दिसत होत्या, म्हणून क्लच घसरत होता. शिवाय क्लच हाउसिंगच्या ज्या बोटांमध्ये प्लेटींचे दात सरकतात, तेथे नख अडकेल इतक्या खाचा पडल्या होत्या. त्यांत दात अडकले की क्लच दाबूनही प्लेटी सुट्या होत नाहीत आणि न्यूट्रल मिळत नाही. खाचा फार खोल नसल्याने त्यांनी सर्व बोटे कानसीने सारखी घासून घेतली; नवे हाउसिंग माझ्या माथी मारले नाही, याचे मला विशेष वाटते. नव्या प्लेटी बसवण्यापूर्वी ऑइलमध्ये भिजत ठेवल्या होत्या. कोरड्या प्लेटी बसवणारेही पुष्कळ आहेत.

टू-स्ट्रोक गाडीत टू-टी ऑइल पेट्रोलबरोबर जळते आणि गिअरबॉक्सचे ऑइल निराळे असते, हे पुष्कळ मालक विसरतात व ते बदलतच नाहीत. माझ्या गाडीतले ऑइल काळपट आणि कमी निघाले. बाहेर गळती नसताना हे ऑइल कमी होत असेल, तर क्रँकचे (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) क्लचकडील सील गेल्याने ते आत ओढले जाऊन जळत असण्याची शक्यता असते. म्हणून त्यांनी मोजून ऑइल भरले आणि काही दिवसांनी पातळी तपासायला परत बोलावले. पातळी कायम होती. ऑइल कारचे न वापरता जासो एमए दर्जाचे, म्हणजे ओल्या (ऑइलमध्ये बुडून चालणाऱ्या) क्लचला चालणारे वापरले, कारण घर्षण कमी करणारी द्रव्ये असलेल्या ऑइलमध्ये असा क्लच घसरतो. काम संपल्यावर टू-टी ऑइलच्या पंपातील हवा न विसरता काढली, ही बाबही नोंदवण्यासारखी आहे. ती राहिली तर इंजिनला ऑइल मिळत नाही आणि पिस्टन जाम होऊ शकतो.

आता उणिवा. गाडी ठरल्या दिवशी मिळाली नाही आणि फोनही उचलला गेला नाही. बिल साडेतीन हजारांच्या आसपास झाले. रक्कम मला जास्त वाटली नाही, परंतु मजुरी आणि सामान वेगळे लिहून मिळाले नाही. जुन्या प्लेटी हातात दिल्या, नव्यांचे पाकीट मात्र मागूनही दाखवले नाही. कव्हरच्या सांध्यातले गॅस्केट हलक्या दर्जाचे निघाले, कव्हरच्या खालच्या कडेला ऑइल झिरपू लागले. गॅस्केट त्यांनी विनामूल्य बदलून दिले.

क्लच घसरत किंवा अडकत असेल तर येथे निःशंक जावे, मात्र सामान आधी स्वतः पाहून घ्यावे. दुसरा गिअर जोर लावताच उडत (आपोआप सुटत) असेल तर दोष बहुधा गिअरच्या झिजलेल्या दातांत किंवा गिअर सरकवणाऱ्या फोर्कमध्ये असतो आणि त्याला इंजिन उघडण्यावाचून इलाज नाही. ते कामही येथे होते. परंतु मिस्त्री त्यासाठी निदान आठवडाभर गाडी ठेवून घेतात.