मावेन ४ आरसी-४ : माझं +१, पण हॅलो वर्ल्डवर तपासून नाही

मावेन म्हणजे जावाचा कोड बिल्ड करणारं, कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बनवणारं टूल. त्याचं ३.० आलं ऑक्टोबर २०१० मध्ये, आणि तेव्हापासून आपण सगळे ३ च्याच कुठल्यातरी व्हर्जनवर संसार करतोय. आता ४ चे रिलीज कँडिडेट (आरसी, म्हणजे फायनलआधी तपासायला दिलेली व्हर्जन्स) आलेत तर बहुतेकांचं म्हणणं एकच, फायनल आलं की बघू. अरे पण फायनल यायचं तर त्याआधी कुणीतरी बघायला नको का? म्हणून ४.०.० आरसी-४ घेऊन बसलो.

आधी हे अप्रूव्ह कसं होतं ते थोडक्यात सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की कुणीतरी एक मोठा माणूस बटण दाबतो. तसं नाहीये. अपाचीत, म्हणजे मावेन ज्या ओपन सोर्स संस्थेचं आहे तिथे, रिलीजवर मतदान होतं, साधारण ७२ तास तरी खुलं ठेवतात, पीएमसीतल्या (प्रोजेक्ट चालवणारी समिती) किमान तीन जणांचं +१, म्हणजे होकार, लागतं आणि -१ पेक्षा +१ जास्त हवेत. रिलीजला व्हेटो नसतो, एकट्याने -१ टाकून गाडी अडत नाही. तुम्ही-आम्ही पण मत देऊ शकतो, फक्त ते बाइंडिंग धरत नाहीत. आणि पीएमसीवाल्यांना +१ द्यायचं तर सोर्स (मूळ कोड) स्वतःच्या मशीनवर उतरवून, बिल्ड करून, तपासूनच द्यावं लागतं. अपाचीच्या हिशेबाने खरं रिलीज म्हणजे सोर्सच, तयार बायनरी ही नुसती सोय.

सातबारा न बघता कुणी जमीन घेत नाही, तसं सही न तपासता टारबॉल (सोर्स बांधून दिलेली फाइल) उघडायचा नाही. आणि इथे लोक शा-५१२ चेकसम (फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळला की खूश होऊन पुढे जातात, पण ज्याला फाइल बदलता येते त्याला शेजारचा चेकसम बदलायला कितीसा वेळ लागतो? खरी तपासणी जीपीजीच्या डिजिटल सहीची, ती पण प्रोजेक्टच्या कीज फाइलशी (सही करणाऱ्यांच्या पब्लिक कीज असलेली) ताडून. ते सगळं नीट निघालं. मग सोर्सवरून बिल्ड, मावेन ४ चालवायला जावा १७ लागतं हे ध्यानात ठेवा. तुमचा कोड जावा ८ साठीचा असला तरी हरकत नाही, कंपायलरला रिलीज ८ सांगा, चालतं. पण सीआय सर्व्हरवर (आपोआप बिल्ड करणारं मशीन) अजून जेडीके ८, म्हणजे जावा ८ चं किटच, बसवलेला असेल तर तिथेच गाडी थांबेल.

आता खरी परीक्षा. हॅलो वर्ल्ड कुठल्याही टूलवर बिल्ड होतं, त्यावरून +१ देण्यात काय अर्थ आहे. मी घेतला एक जुना मल्टी-मॉड्यूल प्रोजेक्ट, ज्याच्या पॉममध्ये (बिल्डच्या सूचना लिहिलेली फाइल) येईल त्याने भर घातलीय आणि काढलं कुणीच काही नाही. पहिल्याच रनला आडवा झाला, एकच प्लगइन (मावेनला जोडायचा जादा भाग) दोनदा लिहिलेला. ३ वाला याला नुसती वॉर्निंग द्यायचा आणि आपण ती वर्षानुवर्षं स्क्रोल करून सोडून द्यायचो, ४ वाला सरळ बिल्ड पाडतो. टीममधले वैतागले, मला तर बरंच वाटलं.

यासाठी सोबत एमव्हीएनअप नावाचं टूल येतं, आधी चेक चालवायचं, ते काय काय खटकतंय ते सांगतं, मग अप्लाय केलं की स्वतःच पॉम दुरुस्त करतं. कमिट करण्याआधी डिफ मात्र डोळ्यांनी वाचा. बाकी मॉडेल व्हर्जन (मावेनचं नाही, पॉमच्या रचनेचं) ४.०.० वाले जुने पॉम तसेच चालतात, ४.१.० ला जायची सक्ती नाही, मॉड्यूल्सच्या जागी सबप्रोजेक्ट्स लिहायची पण घाई नाही.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे बिल्ड पॉम आणि कन्झ्युमर पॉम वेगळे झालेत. म्हणजे तुमच्या रेपोत काय नवीन सिंटॅक्स वापरायचा तो वापरा, पब्लिश होताना बाहेर जाणारा पॉम साधा जुन्या मॉडेलचा राहतो, त्यामुळे तुमची लायब्ररी वापरणारा अजून मावेन ३ वर असला किंवा ग्रेडलसारख्या दुसऱ्या बिल्ड टूलवर असला तरी त्याला काही कळत पण नाही. रिव्हिजन व्हेरिएबल वापरून व्हर्जन देणाऱ्यांना, बाहेर जाणाऱ्या पॉममध्ये खरा आकडा भरायला, फ्लॅटन प्लगइनचं शेपूट लावावं लागायचं, ते आता सुटलं. आणि अर्ध्यात बिल्ड पडला तर डॅश आर दिलं की पडलेल्या मॉड्यूलपासून पुढे चालू, मॉड्यूलचं नाव शोधून टाईप करणं बंद. उठसूट क्लीन इन्स्टॉल (सगळं पुसून पहिल्यापासून बिल्ड) मारायची आपली सवय पण यामुळे सुटू शकते, बऱ्याच ठिकाणी व्हेरिफाय (नुसतं बिल्ड आणि तपासणी) पुरतं.

नावडलं ते प्लगइनचं. अपाचीचे नेहमीचे प्लगइन नीट चालले, पण घरी लिहिलेले जुने प्लगइन, जे मावेनच्या आतल्या क्लासेसना थेट हात घालतात, ते मोडू शकतात. आमचा एक मोडलाच. त्यात मावेनची चूक नाही, तरी काम आपल्यालाच लागतं ना. शिवाय लॉगमध्ये वॉर्निंग्स इतक्या की कामाची कुठली ते शोधावं लागतं, यावर त्यांनी अजून मेहनत घ्यायला हवी.

तर माझं +१, नॉन-बाइंडिंग. प्रॉडक्शनच्या पाइपलाइनवर मात्र सध्या ३.९ च ठेवलंय. रॅपर (प्रोजेक्टला हवं ते मावेन स्वतः उतरवणारी स्क्रिप्ट) वापरत असाल तर वेगळ्या ब्रँचवर त्याच्या प्रॉपर्टीज फाइलमधली डिस्ट्रिब्युशनची यूआरएल बदला, आरसी उतरेल, नाही पटलं तर तीच ओळ परत जुनी करा. आणि काही मोडलं तर स्टॅकट्रेससकट (एरर कुठून आली त्याचा पूर्ण माग) इश्यू टाका, फायनल झाल्यावर शिव्या घालू नका.